नाव तेवढे सांगा!

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात मी तरुण मंडळींना एक जुना अमेरिकन चित्रपट दाखविला. ‘द फ्रंट’ हे त्याचे नाव, साल १९७६. चित्रपट संपून दिवे लागले तोच पहिल्या रांगेतील एक निवृत्त मुख्याध्यापक उठून उभे राहिले. वयाने ते मला वडील आहेत आणि सकाळची मिस्सा त्यांनी कधी चुकविल्याचे मला आठवत नाही. ते म्हणाले, “फादर, हसलो, शेवटी डोळ्यांत पाणीही आले. पण ही मंडळी कम्युनिस्ट होती की नाही? ज्यांच्या पंथाने आपल्या बिशपांना तुरुंगात डांबले, त्यांच्यासाठी उपवासकाळात, चर्चच्याच सभागृहात आम्ही अश्रू का ढाळावेत?”

रात्र बरीच झाली होती. मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. ते सरांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. प्रश्न प्रामाणिक होता. तो एकट्या सरांचा नाही, हेही मी जाणतो. म्हणून त्याचे सविस्तर उत्तर या पानांतून देण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम चित्रपटाविषयी. काळ १९५० नंतरचा, स्थळ न्यूयॉर्क. हॉवर्ड प्रिन्स हा एका हॉटेलात गल्ल्यावर बसणारा आणि जोडीला चोरून पैजा घेणारा सामान्य माणूस. त्याचा बालमित्र आल्फ्रेड मिलर दूरचित्रवाणीसाठी नाटके लिहितो. पण त्याचे नाव काळ्या यादीत गेले आहे आणि त्याची संहिता कोणी हातात धरावयास तयार नाही. तेव्हा तो हॉवर्डला गळ घालतो : लिहीन मी, सही तू कर. मोबदल्याच्या दहा टक्क्यांवर सौदा ठरतो. लवकरच आणखी दोन लेखक येऊन मिळतात आणि ज्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही तो हॉवर्ड नामवंत नाटककार म्हणून मिरवू लागतो. एखादे दृश्य जागच्या जागी बदलून द्या म्हटले की त्याची जी त्रेधा उडते, तिच्यावर आमची मुले पोट धरधरून हसली. हॉवर्डची भूमिका करणारा वुडी ॲलन एरवी आपले चित्रपट आपणच लिहितो आणि दिग्दर्शितही करतो. येथे तो केवळ नट आहे.

पण या हसण्याखाली रक्त आहे. चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावली येते आणि काही नावांपुढे एकेक साल दिसू लागते. दिग्दर्शक मार्टिन रिट : १९५१. लेखक वॉल्टर बर्नस्टीन : १९५०. नट झीरो मोस्टेल : १९५०. नट हर्शेल बर्नार्डी : १९५३. ही त्यांच्या जन्माची साले नव्हेत; ती त्या त्या माणसाचे नाव काळ्या यादीत गेल्याची साले आहेत. म्हणजे ज्यांनी सोसले त्यांनीच पंचवीस वर्षांनंतर ही कथा सांगितली, आणि ती सांगताना गळा काढला नाही. बर्नस्टीन यांनी स्वतः कित्येक वर्षे दुसऱ्यांच्या नावाआड लपून दूरचित्रवाणीसाठी लेखन केले होते.

आता या यादीचे यंत्र कसे चालत असे ते पाहू. कारण सरांच्या प्रश्नाचे उत्तर त्या यंत्रातच दडलेले आहे. १९४७ च्या ऑक्टोबरात अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या ‘अन-अमेरिकन’ कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने हॉलिवूडच्या मंडळींना साक्षीस बोलाविले. दहा जणांनी, तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्याचे नाकारले. संसदेच्या अवमानाबद्दल १९५० मध्ये ते तुरुंगात गेले. तत्पूर्वीच, १९४७ च्या नोव्हेंबरात, चित्रपटधंद्यातील धनिकांनी एकत्र बसून त्यांना कामावरून दूर केल्याचे जाहीर केले होते. (दैवाचा विनोद असा की समितीचा अध्यक्ष पार्नेल थॉमस हाही लाचलुचपतीच्या गुन्ह्यात दोषी ठरून डॅनबरीच्या तुरुंगात गेला, आणि ज्या दोन लेखकांना त्याने शिक्षेस पात्र ठरविले होते ते त्याला तेथेच भेटले.)

१९५० च्या जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील १५१ कलावंतांची नावे तिच्यात होती. कोणी कोणत्या निवेदनावर सही केली, कोण कोणत्या सभेला गेला, एवढाच तपशील प्रत्येक नावाखाली असे. ही माणसे गुन्हेगार आहेत असे तिच्यात कोठेही म्हटलेले नव्हते, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध दाद मागणे कठीण होते. ती पुस्तिका जाहिरातदारांच्या टेबलावर पोहोचली की पुढचे काम आपोआप होई. ‘तुम्हाला काढले’ असे कोणी म्हणत नसे. फक्त दूरध्वनी वाजायचा थांबत असे.

मग सुटकेचा मार्ग कोणता? चित्रपटात हेकी ब्राउन नावाचा एक विदूषक आहे. मोस्टेलने ही भूमिका जीव ओतून केली आहे. चौकशी करणाऱ्या खासगी संस्थेच्या अधिकाऱ्यासमोर हेकी अक्षरशः लोटांगण घालतो. होय, मी मिरवणुकीत चाललो होतो. होय, वर्गणी भरली होती. पण एका मुलीच्या मागे लागून ते केले, मला राजकारणातले काही कळत नाही, मी चुकलो. यापेक्षा अधिक पश्चात्ताप तो काय असावयाचा? पण अधिकाऱ्याला हेकीचा पश्चात्ताप नकोच आहे. त्याला दुसरे नाव हवे आहे. हेकीकडे नाव नाही, तर त्याने ते मिळवून आणावे. आपल्या मित्रावर, हॉवर्डवर, पाळत ठेवावी. आणि हा गरीब प्राणी मित्राच्या घरी पाहुणा म्हणून राहतो व रात्री त्याच्या मेजाचे खण उचकतो. पुढे एका हॉटेलात किरकोळ बिदागीवर विनोद करावयास जावे, तर तेथेही ठरलेली रक्कम कापली जाते. शेवटी एका चांगल्या हॉटेलात तो खोली घेतो, शॅम्पेन मागवितो. आणि आपल्याला दिसते ती केवळ उघडी खिडकी.

हे कल्पित म्हणावे, तर फिलिप लोब हा नट होऊन गेला. एका लोकप्रिय कौटुंबिक मालिकेतील तो प्रेमळ बाप. ‘रेड चॅनल्स’मध्ये नाव येताच जाहिरातदारांच्या दडपणामुळे त्याला मालिकेतून जावे लागले. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात झोपेच्या गोळ्या घेऊन त्याने जीवनयात्रा संपविली. तो मोस्टेलचा जिवलग मित्र होता. हेकी साकारताना मोस्टेल कोणाला आठवीत असेल, हे निराळे सांगावयास नको.

आणि आता माझा मुद्दा. सर, आपण लहानपणापासून कबुलीच्या एका पेटीसमोर गुडघे टेकत आलो आहोत. आपली जुनी माणसे ज्याला कुमसार म्हणत, त्या संस्काराचा एक नियम आम्हा धर्मगुरूंना सेमिनरीत पुन्हा पुन्हा बजावला जातो. पापनिवेदन करणाऱ्याने स्वतःचे पाप सांगावे. त्या पापात त्याचा साथीदार कोण होता, हे धर्मगुरूने विचारता कामा नये. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या ९७९ व्या कलमात हे स्पष्ट लिहिले आहे. १९१७ च्या संहितेतही ते होते. आणि हा नियम पुस्तकी नाही, तो अनुभवाच्या चटक्यातून आला आहे. अठराव्या शतकात पोर्तुगालमधील काही धर्मगुरू साथीदाराचे नाव व पत्ता विचारू लागले. न सांगेल त्याला पापक्षमा नाही, असे धमकावू लागले. हेतू उदात्त असल्याचे ते सांगत : त्या दुसऱ्या माणसालाही सुधारता येईल! पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४५ मध्ये या प्रथेचा कडक निषेध केला. का? कारण हा प्रश्न विचारला जाताच संस्कार संपतो आणि पोलीस चौकी सुरू होते. माझ्या पापावर माझा अधिकार आहे, ते मी देवापुढे ठेवू शकतो. दुसऱ्याचे पाप ही माझी मालमत्ता नव्हे. ते देऊन मी माझी सुटका विकत घेऊ शकत नाही.

समितीचा कारभार याच्या नेमका उलटा होता. १९५२ मध्ये लेखिका लिलियन हेलमन यांनी समितीला कळविले की माझ्याविषयी जे विचाराल ते सांगेन, इतरांविषयी मात्र सांगणार नाही. समितीने ही तडजोड फेटाळली. १९५६ मध्ये नाटककार आर्थर मिलर यांनीही तीच भूमिका घेतली. त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि ती शिक्षा पुढे १९५८ मध्ये अपिलात रद्द झाली. कायद्याची गाठही अशी विलक्षण होती की स्वतःविषयी बोलण्यास एकदा सुरुवात केली की इतरांविषयी गप्प राहण्याचा हक्कच उरत नसे. अर्थात, प्रांजळपणे आपली कहाणी सांगू पाहणाऱ्यालाच मित्रांचा घात करणे भाग पडे. लॅरी पार्क्स या नटाने १९५१ मध्ये आपले सभासदत्व मान्य केले आणि नावांची सक्ती करू नका अशी काकुळतीने विनवणी केली. बंद दाराआड त्याच्याकडून नावे घेतली गेलीच. आणि त्यानंतरही त्याचे चित्रपटातील आयुष्य सावरले नाही. त्याच साली एका पटकथालेखकाने तर दीडशेहून अधिक नावे सांगितली. ही बहुतेक नावे समितीला आधीच ठाऊक असत! मग विचारावयाची कशाला? तर साक्षीदाराचा कणा मोडला की नाही, हे पाहावयाला. पश्चात्तापाचा पुरावा म्हणून मित्राचे मुंडके मागणारी ही कबुली होती. पवित्र संस्काराचे इतके विद्रूप विडंबन दुसरे मला माहीत नाही.

चित्रपटाचा शेवट या एका बिंदूवर उभा आहे. हॉवर्डला समितीपुढे बोलाविले जाते. वकिलांनी सोपी वाट काढलेली असते : फक्त एक नाव सांगा. कोणाचे? हेकी ब्राउनचे. हेकी तर मेलेला! त्याचे आता काय बिघडणार? हॉवर्डलाही आधी तसेच वाटते. तो शब्दांचे फाटे फोडीत वेळ काढतो. पण एका क्षणी त्याला उमगते की मेलेल्याचे नाव मागणाऱ्यांना माहिती नकोच आहे, त्यांना गुडघे टेकलेला माणूस हवा आहे. तो समितीला सांगतो की असले प्रश्न विचारण्याचा तुमचा अधिकार मी मानीत नाही. वर एक अशी शिवी हासडतो की सभागृहातील आमच्या सिस्टर्सनी माना खाली घातल्या. त्या शिवीबद्दल मी क्षमा मागतो. त्या नकाराबद्दल मागणार नाही. पैजा घेणारा, मित्रांच्या कष्टावर मिरवणारा, भित्रा हॉवर्ड त्या क्षणी बेड्यांना पात्र होतो आणि त्या बेड्यांनीच माणसात येतो.

“पण ते कम्युनिस्ट होते ना?” होय सर, त्यांच्यापैकी पुष्कळ होते. बर्नस्टीन स्वतः पक्षाचे सभासद होते. ते त्यांनी लपविले नाही. आणि कम्युनिझमच्या छळाविषयी आपण सौम्य शब्द वापरावेत असे मी म्हणणार नाही. हंगेरीच्या कार्डिनल मिंडझेंटी यांना १९४८ च्या डिसेंबरात अटक झाली, १९४९ मध्ये जन्मठेप झाली. कवी मांदेलश्ताम १९३८ मध्ये छावणीत मेला, कथाकार बाबेलला १९४० मध्ये गोळी घालण्यात आली. हॉलिवूडमधील पक्षनिष्ठांनी या दुष्टतेकडे डोळेझाक केली, हा त्यांच्यावरील आरोप मी मागे घेणार नाही. हेरही खरोखर होते. १९९५ पासून प्रसिद्ध झालेल्या गुप्त संदेशांनी त्याबद्दल शंका ठेवलेली नाही. पण हेराला पुराव्यानिशी न्यायालयात उभे करावयाचे असते. दूरचित्रवाणीवरील विनोदी नटाची चूल विझवून कोणत्या देशाचे कोणते गुपित वाचले? आणि मिंडझेंटी यांच्या खटल्यात आपल्याला सर्वांत जास्त काय झोंबले होते? छळ करून वदवून घेतलेली कबुली! तोच प्रकार सौम्य हाताने, शिष्टाचार पाळून दुसरीकडे झाला, तर तो पवित्र होतो काय? शत्रूचे शस्त्र उचलणारा शत्रूला हरवीत नाही, त्याचा शिष्य होतो.

दुसरा आक्षेप सरांनी घेतला नाही, पण सेमिनरीत शिकलेला कोणीही घेईल. आमच्या विद्यार्थिदशेत आम्हाला मोठ्या अभिमानाने ‘ऑन द वॉटरफ्रंट’ हा १९५४ चा चित्रपट दाखविण्यात आला होता. गोदीतील गुंडांविरुद्ध साक्ष द्या, असे कामगारांना सांगणारा त्यातला धर्मगुरू आमचा आदर्श होता. जॉन कॉरिडन नावाच्या खऱ्या येशूसंघीय धर्मगुरूवरून ते पात्र घेतलेले आहे. पुढे कळले की त्याचे दिग्दर्शक इलिया कझान आणि लेखक बड शुलबर्ग या दोघांनीही समितीपुढे जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली होती. चित्रपट थोर आहे, त्यातील धर्मगुरूही खरा आहे. पण दाखला लागू पडत नाही. गोदीत खून झाला होता. खून पाहिलेल्याने साक्ष दिलीच पाहिजे. नाही तर दुबळा मरतो आणि गुंड माजतो. समितीपुढे प्रेत कोणाचे होते? पंधरा वर्षांपूर्वी कोण कोणत्या बैठकीत बसला होता, हे सांगणे आणि खुन्याकडे बोट दाखविणे, यांना एकच शब्द वापरणे ही भाषेची फसवणूक आहे. नीतिशास्त्र शिकविताना आमचे गुरुजी दोन पापे वेगळी करून दाखवीत : खोटा आळ घेणे हे एक, आणि दुसऱ्याचा खरा पण झाकलेला दोष कारणाविना उघड करणे हे दुसरे. बोललो ते खरेच होते, ही सबब दुसऱ्या पापाला चालत नाही.

चित्रपटावर माझाही एक आक्षेप आहे, तो येथेच नोंदवितो. नायक म्हणून ज्याला राजकारणाचा गंधही नाही असा माणूस घेतल्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती फार स्वस्तात मिळते. निष्पापाचा कैवार कोणीही घेईल. ज्याचे मत आपल्याला चुकीचे, किंबहुना घातक वाटते, त्याच्या भाकरीचा कैवार घेणे ही खरी कसोटी आहे. आल्फ्रेड आपला डावा कल लपवीत नाही, ही चित्रपटाची जमेची बाजू. पण कॅमेरा त्याच्याजवळ फार थांबत नाही.

आणि आपण कॅथलिकांनी हा विषय परक्यांचा म्हणून झटकून टाकू नये. या सर्व हंगामाला ज्याचे नाव चिकटले तो सिनेटर जोसेफ मॅकार्थी कॅथलिक होता. तो त्या समितीत नव्हता, सिनेटमध्ये होता. पण वारा तोच. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांचा त्याला पाठिंबा होता. त्याच चर्चमधून शिकागोचे साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांनी १९५४ च्या एप्रिलात मोटार कामगारांच्या परिषदेत मॅकार्थीचा जाहीर समाचार घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थीचा निषेध केला. म्हणजे एकाच वेदीभोवती दोन्ही आवाज होते. आपण कोणत्या आवाजाचे वारस, हे आपणच ठरवावयाचे आहे.

आपला इतिहास तर अधिकच बोलका आहे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे न्यायासन होते. तेथे आरोपीला आरोप करणाऱ्याचे नाव सांगत नसत, उलट त्याच्याकडूनच सहभागींची नावे मागत. नावे न सांगणाऱ्याची कबुली अपुरी ठरे. देल्लों नावाच्या एका फ्रेंच वैद्याने त्या कोठड्यांचा अनुभव १६८७ मध्ये प्रसिद्ध केला. लेखकांची काळी यादीही आपल्याला नवी नाही. निषिद्ध ग्रंथांची आपली सूची १९६६ पर्यंत अस्तित्वात होती. म्हणजे नाव मागण्याचा मोह बाहेरून आलेला नाही. तो आपल्याच घरात वाढला आणि कबुलीच्या पेटीवरच तो आपण रोखू शकलो. ज्या चर्चने तेथे तो रोखला, तिने तो इतरत्र पाहिल्यावर मुकाट बसावे काय?

सेमिनरीत आणखी एक गोष्ट शिकविली जाई : ज्याने दुसऱ्याची अब्रू घेतली त्याच्यावर ती परत करण्याचे कर्तव्य आहे, नुसते ‘चुकलो’ म्हणून भागत नाही. अमेरिकेने काही प्रमाणात ती भरपाई केली, हे मान्य केले पाहिजे. ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचे ऑस्कर १९५४ मध्ये आडोसा झालेल्या लेखकाच्या नावे दिले गेले होते, ते खऱ्या लेखकाला, डाल्टन ट्रंबो यांना, १९९३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, देण्यात आले. लेखकसंघाने पुष्कळ जुन्या चित्रपटांची श्रेयनामे दुरुस्त केली. समिती १९७५ मध्ये बरखास्त झाली. पण फिलिप लोबचे काय? हॉटेलच्या खोलीचे श्रेयनाम कोण दुरुस्त करणार?

सर, आपला प्रश्न होता, यात आपला काय संबंध. मी धर्मग्रामाचा प्रमुख आहे, आणि माझ्या मेजावर वर्षातून पाच-सात तरी निनावी पत्रे येतात. अमक्याची मुलगी कोणाबरोबर फिरते, तमका पालकमंडळात नको कारण तो कोणत्या पक्षाच्या सभेला जातो, कोण कोणत्या प्रार्थनागटात चोरून बसतो. अक्षर सुबक असते, भाषा भक्तीची असते आणि खाली सही नसते. पूर्वी मी ती वाचून खणात ठेवीत असे. न जाणो, कधी उपयोगी पडतील. हा चित्रपट प्रथम पाहिला त्या रात्री हेकीला खण उचकताना पाहिले आणि मला माझा खण आठवला. दुसऱ्या दिवशी मिस्सापूर्वी मी ती सारी पत्रे स्वयंपाकघरातल्या चुलीत घातली.

आता सही नसलेले पत्र मी वाचीत नाही. आणि कोणी समोर येऊन, “फादर, मी तुम्हाला एक नाव सांगतो,” असे म्हणाले, तर मी एवढेच विचारतो : तुमचे स्वतःचे काय आहे, ते सांगा.